ट्रेकिंगचं ॲप बंद होतंय: दहा वर्षांच्या वाटा आणि खुणा बाहेर कशा काढाव्यात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते लक्षात राहील. तुम्ही साताऱ्यात राहता आणि २०१५ पासून एकाच ॲपवर वाटा नोंदवत आलात. साडेतीनशेच्या वर ट्रॅक झालेत. सहाशेच्या आसपास खुणा आहेत: टाकी, झरे, खिंडी, गवळीवाडे, गाडी लावायच्या जागा. त्यातल्या शे-सव्वाशे खुणांची नावं आणि माहिती तुमच्या वडिलांनी सांगितलेली आहे, आणि आता त्यांना डोंगर चढवत नाही. कंपनीचा मेल आलाय की महिनाअखेर सेवा बंद. तुम्ही 'सगळं डाउनलोड करा' हे बटण दाबलंत, एक झिप फाइल आली, ती पेन ड्राइव्हवर ठेवलीत आणि विचारताय की आता ही कुठल्या ॲपमध्ये टाकू.

कुठल्या ॲपमध्ये, हे नंतर बघू. आधी ती झिप उघडा, आणि आज रात्रीच उघडा. झिप हातात आली म्हणजे माहिती हातात आली असं नसतं. हे मी स्वतः गमावून शिकलोय.

मी वीसेक वर्षं नकाशांचं काम करतोय. पाणलोटाची कामं, गावशिवाराचे नकाशे, आणि सुट्टीला सह्याद्री. दहा-बारा वर्षांपूर्वी मी वापरत होतो ते ॲप असंच बंद झालं. यवतेश्वर, कास, ठोसेघर आणि पलीकडे बामणोलीपर्यंतच्या पट्ट्यातले दोनशेवर पाणवठे मी त्यात टिपले होते. प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी: पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, गुरं उतरतात का, पिण्याजोगं आहे का. मीही झिप उतरवली आणि निर्धास्त झालो. उघडली ती आठ महिन्यांनी. बिंदू सगळे जागच्या जागी होते, पण नावांच्या जागी 'वेपॉइंट १', 'वेपॉइंट २' असं लिहिलेलं आणि खालच्या ओळी गायब. फोटोंच्या जागी कंपनीच्या सर्व्हरवरचे पत्ते, आणि तो सर्व्हर तोवर बंद झालेला. पुढचे दोन उन्हाळे फिरून पाण्याच्या नोंदी मी पुन्हा केल्या. पण त्यातली तीस-चाळीस नावं एका गवळीवाड्यावरच्या आजोबांनी सांगितली होती. कुठल्या सोंडेला काय म्हणतात, कुठल्या झऱ्याला काय म्हणतात, का म्हणतात. मी परत गेलो तेव्हा आजोबा नव्हते. त्यांच्या सुनेला चार-पाच नावं माहीत होती. बाकीची गेली.

म्हणून तुम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे. ट्रॅकची रेघ पुन्हा चालून काढता येते. माणसानं सांगितलेलं नाव आणि त्याखालचं टिपण पुन्हा चालून मिळत नाही. आणि माहिती बाहेर काढताना नेमकं उलटं घडतं: रेघ सहज बाहेर येते, टिपणं मागे राहतात. तुमचा सगळा वेळ त्या टिपणांवर घालवा.

फोनचं आधी सांगतो. ॲप काढून टाकू नका. लॉगआउट करू नका. आणि प्ले स्टोअरमध्ये जाऊन त्या एका ॲपचं आपोआप होणारं अपडेट बंद करा. अँड्रॉइडवर ॲप काढलं की त्याची स्वतःची साठवणही त्याच्याबरोबर पुसली जाते, आणि बामणोलीच्या पलीकडे रेंज नसताना नोंदवलेले ट्रॅक सर्व्हरवर चढलेलेच नसतील तर ते फक्त तिथेच असतात. लॉगआउटचं कारण साधं आहे: पुन्हा आत शिरताना ॲप सर्व्हरला विचारतं, आणि सर्व्हर बंद झाल्यावर विचारणार कुणाला? आत असलेल्या फोनवर जुनी माहिती पुढेही बऱ्याचदा दिसत राहते, बाहेर पडलेल्या फोनवर नुसतं दार दिसतं. शेवटच्या अपडेटमध्ये काही कंपन्या निरोपाचं पान ठेवतात आणि बाकी सगळं काढून घेतात, म्हणून अपडेट नको. घरात खणात पडलेला जुना फोन असेल तर तोही चार्ज करून बघा. फोनवर ट्रॅक किती दिसतात, वेबसाइटवर किती दिसतात आणि झिपमध्ये किती आहेत, हे तीन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा. ते जुळले नाहीत तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

आता झिप. ती संगणकावर उघडा, फोनवर नको. आत बहुधा जीपीएक्स फाइली असतील. वाटा आणि खुणा फाइलीत लिहून ठेवायची ही २००२ साली आलेली खुली पद्धत आहे. २००४ साली तिची १.१ आवृत्ती आली आणि आजही सगळीकडे तीच चालते. इतक्या वर्षांत किती ॲपं आली आणि गेली. एंडोमोंडो २०२० च्या अखेरीस बंद झालं, गूगलचं माय ट्रॅक्स ३० एप्रिल २०१६ ला, फॅटमॅप १ ऑक्टोबर २०२४ ला. या ॲपांवरून ज्यांनी आपल्या जीपीएक्स फाइली वेळेत काढून घेतल्या, त्यांच्या वाटा आजही कुठेही उघडतात. जीपीएक्स फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि डोळ्यांनी वाचता येते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. आत तीन प्रकार सापडतील. वेपॉइंट म्हणजे सुटा बिंदू, रूट म्हणजे घरी बसून आखलेली वाट, आणि ट्रॅक म्हणजे प्रत्यक्ष चाललेली, वेळेसकट नोंदलेली वाट.

तपासायला तुम्हाला नीट आठवणारा एकच ट्रेक घ्या. समजा वासोटा. बामणोलीहून लाँचनं शिवसागर ओलांडून मेट इंदवलीला उतरलात, जंगलातून गड चढलात, दिवसाउजेडी परत फिरलात. सहा तासांची नोंद धरू. दर सेकंदाला एक बिंदू असेल तर २१,६०० बिंदू हवेत, दर पाच सेकंदांना असेल तर ४,३२०. नोटपॅड++ सारख्या, शब्द मोजून देणाऱ्या एडिटरमध्ये '<trkpt' हा ट्रॅकपॉइंटचा टॅग (बिंदूची खूणचिठ्ठी) किती वेळा येतो ते मोजता येतं. फाइलमध्ये तीनशेच बिंदू निघाले, तर समजा की कंपनीनं एकगठ्ठा काढताना वाट विरळ करून दिलीय. अशी वाट नकाशावर लांबून बरी दिसते, पण गडाखालच्या रानातली वळणं तिनं सरळ कापलेली असतात, आणि नेमक्या त्याच वळणांसाठी आपण ती जपून ठेवलेली असते. अशा वेळी ॲपमध्ये जाऊन तोच ट्रॅक एकटा उघडायचा आणि एकटाच बाहेर काढायचा. माझ्या अनुभवात एकेक काढलेली फाइल एकगठ्ठ्यापेक्षा बरीच भरीव असते: पूर्ण बिंदू, नाव, खालचं वर्णन. साडेतीनशे ट्रॅक एकेक काढायला चार-पाच संध्याकाळी जातील. सगळे नका काढू. परत जायचा योग कमी आहे किंवा सोबतचं माणूस आता नाही, असे ट्रॅक आधी.

त्याच फाइलमध्ये प्रत्येक बिंदूला वेळ आहे का तेही बघा. वेळ नसेल तर तुमचा ट्रॅक रूट होऊन बसलाय. स्ट्राव्हासारख्या, धावणं-सायकलिंग नोंदवायच्या ॲपवर तो चढणारही नाही, कारण तिथं वेळेशिवायची फाइल चालत नाही. वेळ असेल तर ती बघून दचकू नका. जीपीएक्समध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहितात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. २६ जानेवारीला पहाटे साडेचारला तुम्ही पोवई नाक्यावरून निघालात, तर फाइलमध्ये २५ जानेवारी, रात्रीचे अकरा असं दिसेल. हे बरोबर आहे. ते 'दुरुस्त' करायला जाऊ नका. माझ्या एका मित्रानं सगळ्या फाइलींत साडेपाच तास मिळवले आणि मग नवीन ॲपनं आणखी साडेपाच मिळवले.

फोटो. इथं सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. जीपीएक्स फाइलमध्ये फोटो मावत नाही, फोटोचा पत्ता मावतो. झिपमध्ये फोटोंचं वेगळं फोल्डर नसेल आणि फाइलमध्ये नुसते पत्ते दिसत असतील, तर ते फोटो अजून कंपनीकडेच आहेत आणि महिनाअखेर जाणार आहेत. ते आत्ताच उतरवून घ्या, हातानं का होईना. मूळ फोटो फोनच्या गॅलरीत असतील तर उत्तम, कारण ॲपवर चढवताना आकार लहान झालेला असतो. गॅलरीतल्या फोटोत वेळ असते, ट्रॅकमध्ये वेळ असते. दोन्ही जुळवून कुठला फोटो कुठल्या जागी काढला ते संगणकाला शोधता येतं. एक्झिफटूल आणि डिजिकॅम ही दोन फुकट साधनं हे काम उत्तम करतात. कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलं असतं हे त्यांना सांगायला मात्र विसरू नका, नाहीतर अजिंक्यताऱ्यावरचा सूर्योदय भलत्याच जागी जाऊन बसतो. आणखी एक. ग्रुपमधल्या कुणी फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला असेल तर त्यातली जागेची माहिती वाटेतच पुसली गेलेली असते. त्यांना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा पाठवायला सांगा, तशी ती टिकते.

जीपीएक्सबरोबर केएमएल किंवा केएमझेड (गूगल अर्थ वापरतं त्या प्रकारची नकाशाफाइल) मिळत असेल तर तीही घ्या. दोन्ही घ्या, एकावर थांबू नका. जीपीएक्सला वेळ चांगली कळते, पण फोल्डर ही कल्पनाच तिच्यात नाही. तुम्ही 'पाणी', 'मुक्काम', 'बाबांनी सांगितलेलं' असे गट केले असतील तर जीपीएक्समध्ये सहाशे खुणा एका ढिगात पडतील. केएमएलमध्ये फोल्डर राहतात, रंग राहतात, वर्णनही बहुधा नीट येतं. केएमझेड ही तर आतून झिपच असते. नावाच्या शेवटचं केएमझेड बदलून झिप केलं की उघडते, आणि कधी कधी आत फोटोही सापडतात. मी ट्रॅकसाठी जीपीएक्स आणि खुणांसाठी केएमएल धरून चालतो.

केएमएल किंवा एक्सेलचा तक्ता हातानं हाताळत असाल तर एका गोष्टीला जपा. जीपीएक्समध्ये अक्षांश आणि रेखांश नावानिशी लिहिलेले असतात, त्यामुळे गोंधळ होत नाही. केएमएलमध्ये आधी रेखांश येतो, मग अक्षांश. जिओजेसन नावाच्या पद्धतीतही तसंच. आपण मात्र बोलताना आणि लिहिताना अक्षांश आधी घेतो. सातारा साधारण १७.६८ उत्तर, ७३.९९ पूर्व. हे आकडे उलटे झाले की सातारा जातो ७३.९९ उत्तर, १७.६८ पूर्वेला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात, बेअर बेटाच्या जवळ. नवीन ॲपमध्ये खुणा टाकल्यावर 'काहीच दिसत नाही' म्हणून फोन येतात, तेव्हा मी आधी नकाशा लहान करून उत्तर ध्रुवाकडे बघायला सांगतो. बऱ्याचदा सगळा सह्याद्री तिथे जमलेला असतो. दशांशाचंही बघा: पाच आकडे असतील तर सुमारे एका मीटरपर्यंतची जागा टिकते, चार असतील तर अकरा मीटर, तीनच उरले असतील तर शंभरावर मीटर. कातळात कोरलेलं टाकं शंभर मीटरच्या फरकानं पावसाळी धुक्यात सापडत नाही.

उंचीबद्दल थोडक्यात. नवीन ॲपमध्ये उंची बदललेली दिसली तर माहिती खराब झाली असं समजू नका. जीपीएस मोजतं ती उंची पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासून असते आणि आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे. काही ॲपं हा फरक भरून काढतात, काही जसाच्या तसा आकडा देतात. त्यामुळे हजार मीटरच्या आसपास असलेला अजिंक्यतारा एखाद्या फाइलमध्ये साडेनऊशेच्याही खाली भरतो. कच्चा आकडा तसाच ठेवा. बरी ॲपं जमिनीच्या नकाशावरून उंची पुन्हा काढून देतात.

देवनागरीचं दुखणं परदेशी मार्गदर्शनात सापडत नाही, म्हणून इथं लिहितो. तुमच्या खुणांची नावं मराठीत आहेत. खुणांचा तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर) फाइल म्हणून मिळाला आणि तुम्ही ती एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडलीत, तर सगळी नावं चिन्हांचा कचरा होऊन समोर येतील. फाइल बिघडलेली नसते, एक्सेलनं लिपी चुकीची ओळखलेली असते. पण त्या अवस्थेत तुम्ही 'सेव्ह' केलंत की ती खरोखरच बिघडते. एक्सेल आधी रिकामं उघडा, 'डेटा'मधून मजकूर फाइल आत घ्या आणि लिपीच्या रकान्यात यूटीएफ-८ (देवनागरी नीट वाचणारी पद्धत) निवडा. लिब्रेऑफिस हे स्वतःहून विचारतं, म्हणून मी तेच वापरतो. फाइलींच्या नावातही देवनागरी असेल तर झिप उलगडताना कधी कधी नावं मोडतात. अशा वेळी सेव्हन-झिपनं उलगडून बघा. नवी नावं देताना तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, मग जागा: '२०१९-०१-२६ वासोटा'. अशा फाइली आपोआप तारखेच्या ओळीत लागतात.

तुमच्या खात्यात जे दिसतं ते सगळं तुमच्या झिपमध्ये येईलच असं नाही, हेही लक्षात घ्या. ग्रुपमधल्या दुसऱ्यानं टाकलेली आणि तुम्ही 'आवडती' म्हणून ठेवलेली खूण त्याच्या खात्याची असते. तुमच्या झिपमध्ये ती येत नाही, किंवा नुसतं नाव येतं. पाच-सात जणांचा ग्रुप असेल तर प्रत्येकाला आपापली झिप काढायला लावा, आणि ती खरंच काढली का हे फोन करून विचारा. उतरवून ठेवलेले ऑफलाइन नकाशे मात्र बरोबर नेता येणार नाहीत. ते तुमचे नव्हतेच, वापरायला दिलेले होते.

झिप अपुरी निघाली तर कंपनीला मेल करा, आणि सेवा बंद व्हायच्या आत करा. कंपनी युरोपातली असेल तर तिच्यावर मे २०१८ पासून लागू असलेला तिथला गोपनीयता कायदा चालतो. त्याच्या २० व्या कलमात आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात परत मागण्याचा हक्क आहे, आणि तिथे स्थापलेल्या कंपनीपुरता तो साताऱ्यातून मागणाऱ्यालाही आहे. उत्तर द्यायला साधारण एक महिन्याची मुदत असते. आपल्याकडे २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात असा हक्क होता, पण २०२३ च्या कायद्यात तो आला नाही. तिथे तुमच्या माहितीचा सारांश मागण्याची, ती दुरुस्त करून घेण्याची आणि पुसायला लावण्याची तरतूद आहे. मला हे फार खटकतं. माणसाची दहा वर्षांची पायपीट त्याला उचलून नेता येत नसेल तर नुसती पुसायची मुभा घेऊन तो काय करणार?

आता कुठल्या ॲपमध्ये. मी ऑसमँड वापरतो, कारण ते तुमचे ट्रॅक जीपीएक्स फाइली म्हणूनच सांभाळतं आणि रेंज नसताना पूर्ण चालतं. शिकायला जरा अवघड आहे. ज्यांना सोपं हवं त्यांना ऑरगॅनिक मॅप्स सांगतो. केएमएल आणि जीपीएक्स दोन्ही घेतं आणि परतही देतं. दोन्हींच्या मुळाशी ओपनस्ट्रीटमॅपचा खुला नकाशा आहे. निवडताना मी एकच कसोटी लावतो: दहा खुणा आत टाकायच्या, त्याच दहा परत बाहेर काढायच्या, आणि दोन्ही फाइली शेजारी ठेवून बघायच्या. नाव, वर्णन, वेळ जसंच्या तसं परत आलं तर ते ॲप घ्यायचं. आणि घेतलं तरी ते मुक्कामाचं ठिकाण समजा, घर नव्हे. मूळ फाइली तुमच्या संगणकावर, तुमच्या फोल्डरमध्ये. त्यांना हात न लावता त्यांची नक्कल ॲपला द्यायची.

सगळं एकत्र बघायला संगणकावर क्यूजीआयएस नावाचं नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात सगळे ट्रॅक टाका आणि पाच ओळखीच्या जागा तपासा: अजिंक्यताऱ्याचा दरवाजा, चार भिंती, यवतेश्वराचं देऊळ, कास तलाव, बामणोलीचा धक्का. या पाच जागच्या जागी असल्या तर बाकीच्यांवर विसंबायला हरकत नाही.

प्रती किती ठेवायच्या? तीन, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. वीस हजार बिंदूंचा एक ट्रॅक दोन-तीन एमबीचा होतो, म्हणजे तुमचे सगळे ट्रॅक मिळून एक जीबीच्या आत बसतील. खर्चाचा प्रश्न नाही. दुसऱ्या गावाचा आग्रह धरतो त्याला कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं तेव्हा माझ्या बहिणीचं तळमजल्यावरचं कपाट दोन दिवस पाण्यात होतं. लॅपटॉप आणि त्याच्या शेजारी ठेवलेली हार्ड डिस्क दोन्ही एकदमच गेली. तिच्या मुलाचे बारशापासूनचे फोटो वाचले, कारण त्यांची एक प्रत माझ्याकडे साताऱ्यात होती. तेव्हापासून तिची डिस्क माझ्याकडे असते आणि माझी तिच्याकडे, वरच्या मजल्यावर. पेन ड्राइव्ह ही प्रत धरू नका. ती ने-आण करायची वस्तू आहे.

फाइली ग्रुपमध्ये वाटण्याआधी त्यांची टोकं कापा. तुमचा प्रत्येक ट्रॅक तुमच्या घराच्या दारात सुरू होतो, आणि साडेतीनशे ट्रॅक एकत्र पाहिले की तुम्ही कुठे राहता, कुठल्या वारी घरी नसता, हे कुणालाही कळतं. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हाच्या हीटमॅपवर (सगळ्यांच्या वाटा एकत्र उजळून दाखवणाऱ्या नकाशावर) लष्करी तळांमधल्या धावण्याच्या वाटा उमटलेल्या जगभर दिसल्या होत्या, तेही लोकांनी सहज नोंदवलेल्या ट्रॅकमधूनच. पहिले-शेवटचे पाचशे मीटर काढून टाकले तरी पुरतं. दुसरं, कास पठार आणि आजूबाजूच्या सड्यांवर कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतींच्या जागा, किंवा कड्यांवरची घरटी तुम्ही टिपली असतील, तर त्या खुणा वाटायच्या फाइलीत ठेवू नका. कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आलं, तेव्हापासून तिथली गर्दी तुम्ही बघताच आहात. कोयनेच्या अभयारण्यातल्या वाटांचंही तेच. तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, वासोट्याला वनखात्याची परवानगी घेऊन जावं लागतं, आणि तुमचा ट्रॅक बघून परवानगीशिवाय कुणी आत शिरावं असं तुम्हालाही वाटणार नाही.

पैसे भरून वापरत असाल तर वर्गणी स्वतः थांबवा. ॲप काढून टाकल्यानं वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये बघा आणि यूपीआयच्या ऑटोपेमध्येही बघा. खातं पुसण्याची विनंती सगळ्यात शेवटी, सगळी तपासणी झाल्यावर करा. पण करा, कारण बंद पडलेल्या कंपनीची माहिती पुढे कुणाच्या हाती जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

आता वडिलांच्या खुणा. या शे-सव्वाशे खुणांसाठी झिपवर अजिबात विसंबू नका. ॲप अजून चालू आहे तोवर एकेक खूण उघडा, स्क्रीनशॉट घ्या आणि वर्णनाचा मजकूर उचलून तक्त्यात उतरवा: अनुक्रमांक, नाव, अक्षांश, रेखांश, बाबा काय म्हणाले, कुठल्या साली म्हणाले. दोन संध्याकाळींचं काम आहे. मग तो तक्ता मोठ्या अक्षरांत छापा, त्या भागाचा नकाशा मोठ्या कागदावर काढून त्यावर तेच क्रमांक घाला आणि वडिलांच्या पुढ्यात ठेवा. फोनचा रेकॉर्डर चालू करून मधे ठेवायचा, क्रमांक मोठ्यानं वाचायचा आणि त्यांना बोलू द्यायचं. ॲपच्या रकान्यात तुम्ही दोन ओळी लिहिल्या असतील. विचारल्यावर ते दहा मिनिटं बोलतील. त्या खिंडीतून कोण जायचं, कुठलं पाणी कधी आटलं, त्या नावाचा माणूस कोण होता. एका बैठकीत पंधरा-वीस खुणांच्या पुढे जाऊ नका, ते थकतात. रेकॉर्डिंगच्या फाइलीला तोच अनुक्रमांक द्या, आणि जीपीएक्समधल्या त्या खुणेच्या वर्णनात तो क्रमांक आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा, प्रमाण भाषेत न बदलता. महिनाअखेरीची तारीख कंपनीच्या सर्व्हरची आहे, या कामाची नाही. पण सुरुवात या रविवारी करा.